पुण्याची बातमी इंदापूरला कशी पोचते?

पुण्याहून सुटलेल्या एस.टी.ला सोलापूर रस्त्याने इंदापूर गाठायला सुमारे तीन तास लागतात. बारामतीची गाडी त्याहून थोडी लवकर पोचते. वर्तमानपत्रांचे गठ्ठे पहाटे निघतात, तेव्हा कुठे ते दिवस उगवायच्या सुमारास गावात येतात. मग पुण्याच्या आकाशवाणी केंद्रात वृत्तनिवेदकाने उच्चारलेला शब्द इंदापूरच्या ट्रान्झिस्टरमधून ऐकू यायला किती वेळ लागत असेल?

उत्तर काढणे अवघड नाही. पुणे ते बारामती हे सरळ रेषेतील अंतर सुमारे ८६ किलोमीटर आहे आणि पुणे ते इंदापूर सुमारे १३० किलोमीटर. रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर या वेगाने जातात. भागाकार केला की बारामतीसाठी सेकंदाचा सुमारे ३,५०० वा भाग आणि इंदापूरसाठी सुमारे २,३०० वा भाग असे उत्तर येते. हाच आवाज हवेतून ध्वनीच्या वेगाने आला असता, तर बारामतीला चार मिनिटांहून अधिक आणि इंदापूरला सहा मिनिटांहून अधिक वेळ लागला असता. आणि तो वाटेतच विरून गेला असता, हे वेगळे!

असे असूनही कित्येक बातम्या आपल्याला उशिरा कळतात आणि काही तर कळतच नाहीत. लहर इतकी वेगवान असताना हा वेळ जातो तरी कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपण आधी लहरीचा प्रवास पाहू आणि मग बातमीचा.

आवाजाची लहरीवर स्वारी

वृत्तनिवेदक बोलतो तेव्हा हवेत कंप निर्माण होतात. ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, या कंपांचे रूपांतर कमीजास्त होणाऱ्या विद्युतप्रवाहात करतो. हा प्रवाह तसाच मनोऱ्याला दिला तर तो दूर जाऊ शकत नाही. म्हणून प्रक्षेपण केंद्रात अतिशय जलद कंप पावणारी दुसरी एक लहर तयार केलेली असते. तिला वाहक लहर म्हणतात. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहरींवरील वारंवारता ७९२ किलोहर्ट्झ आहे. याचा अर्थ ही वाहक लहर सेकंदाला ७,९२,००० वेळा कंप पावते. निवेदकाच्या आवाजाप्रमाणे या लहरीचा आयाम, म्हणजे तिची उंची, कमीजास्त केली जाते. जणू आवाज वाहक लहरीवर स्वार होऊन निघतो. आपला रेडिओ ती लहर पकडतो, वाहकाला बाजूला सारतो आणि आवाज तेवढा कर्ण्याकडे पाठवतो.

३ लाख किलोमीटरला ७,९२,००० ने भागले तर या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर येते. एका लहरीची लांबी म्हणजे शाळेच्या मैदानाच्या तीन-चार लांब्या झाल्या! एवढी लांब लहर जमिनीच्या पृष्ठभागाला धरून, तिच्या गोलाईबरोबर थोडी वाकत जाते. तिला भूलहर म्हणतात. मध्ये सासवड-जेजुरीचे डोंगर असले तरी तिचे फारसे अडत नाही. पुण्याच्या प्रक्षेपकाची शक्ती १०० किलोवॉट आहे. त्यामुळे बारामती-इंदापूरच्या शेतात, झाडाला अडकवलेल्या लहानशा ट्रान्झिस्टरवरही पुणे केंद्र भर दुपारी ऐकू येते.

आता एक गंमत पाहा. ७९२ ला ९ ने भागा. बाकी शून्य उरते. मुंबईचे १०४४ घ्या, सांगलीचे १२५१ घ्या. त्यांनाही ९ ने पूर्ण भाग जातो. हा योगायोग नव्हे. दोन केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून १९७५ साली जिनीव्हा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार आपल्या भागात मध्यम लहरींवरील केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. ५३१ पासून १६०२ पर्यंत अशा किती जागा होतात, ते मोजा. फक्त १२०! एवढ्याच जागा अनेक देशांनी वाटून घ्यायच्या. आकाश अमर्याद दिसते, पण रेडिओच्या दृष्टीने ते अगदी मोजके आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

बारामतीचे स्वतःचे आवाज

बारामतीत आज दोन सामुदायिक रेडिओ केंद्रे आहेत. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी ९०.४ मेगाहर्ट्झवर आणि कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ९०.८ मेगाहर्ट्झवर चालते. ही केंद्रे एफ.एम. पद्धतीची आहेत. त्यांच्या लहरींची लांबी सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याच्या मध्यम लहरीच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. एवढी आखूड लहर जमिनीला धरून फार वाकत नाही. ती बहुधा प्रकाशकिरणासारखी सरळ जाते आणि पृथ्वीच्या गोलाईमुळे क्षितिजापलीकडे उतरत नाही.

मनोऱ्यावरून ही लहर किती दूर जाईल याचा अंदाज घ्यायला एक सोपे सूत्र आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि त्याला ४.१ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येते. १०० मीटर उंच मनोऱ्यासाठी ४१ किलोमीटर. यावरून पुण्याचे एफ.एम. केंद्र बारामतीत नीट का ऐकू येत नाही, हे लक्षात येईल. सामुदायिक रेडिओच्या मनोऱ्याला ३० मीटरची आणि शक्तीला सुमारे १०० वॉटची मर्यादा सरकारी नियमांनी घातली आहे. त्यामुळे या वाहिन्यांचा आवाज बारामतीच्या परिसरापुरताच राहतो.

या केंद्रांवर आणखी एक मर्यादा आहे आणि ती विज्ञानाची नाही, कायद्याची आहे. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षा, स्थानिक कार्यक्रम, नैसर्गिक आपत्ती यांची माहिती देता येते. परंतु बातमीपत्र द्यायचे झाले तर आकाशवाणीचेच, त्यात काना-मात्रेचा बदल न करता द्यावे लागते. खाजगी एफ.एम. वाहिन्यांनाही स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत. म्हणजे आपल्या देशात रेडिओवरची बातमी ही आजही मुख्यतः एकाच संस्थेच्या हाती आहे. वर्तमानपत्रे अनेक, दूरचित्रवाणी वाहिन्या अनेक, पण रेडिओवर बातमी देणारा एकच. म्हणून त्या एकाचे काम कसे चालते, हे जाणून घेणे अगत्याचे ठरते.

पाणी पुढे की बातमी पुढे?

इंदापूर तालुक्याचा नकाशा उघडा. दक्षिणेच्या बाजूने नीरा वाहते. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा व उजनी धरणाचा फुगवटा आहे. नीरा-नरसिंहपूर येथे दोन्ही नद्या एकत्र येतात. नीरेवर वरच्या अंगाला वीर धरण आहे. पुण्यात खडकवासल्यातून मुठेत सोडलेले पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि दौंडमार्गे उजनीत येते. पुण्याच्या घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो, तेव्हा इंदापुरात कदाचित ऊन पडलेले असते; पण पाणी निघालेले असते.

नदीकाठच्या शेतकऱ्याची पाणी उपसण्याची मोटार काठावर बसवलेली असते. गुरे नदीच्या पात्रात चरत असतात. पुराचे पाणी ताशी काही किलोमीटर वेगाने खाली येते. बातमीची लहर तेच अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात कापते. ही शर्यत लहर सहज जिंकणार, असे वाटते ना? पण लहर निघण्यापूर्वी काय काय घडावे लागते, ते पाहा.

समजा, वीर धरणाचे दरवाजे उघडून नीरेत २०,००० क्युसेक पाणी सोडले. धरणावरचा कर्मचारी हा आकडा पाटबंधारे विभागाच्या पूरनियंत्रण कक्षाला कळवतो. तेथून तो जिल्हा प्रशासनाकडे आणि वृत्त विभागाकडे जातो. वृत्तसंपादक तो पडताळतो. मग बातमी लिहिली जाते, बातमीपत्रात तिची जागा ठरते आणि ठरलेल्या वेळी निवेदक ती वाचतो. या साखळीतील प्रत्येक कडीला मिनिटे लागतात. कधी तासही लागतात. सेकंदाच्या अंशाचे काम फक्त शेवटच्या कडीचे.

आणि पडताळणीला फाटा देऊन वेळ वाचवता येईल का? आकडेमोड करून पाहू. १ क्युसेक म्हणजे दर सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८.३ लिटर पाणी. २०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला ५ लाख ६६ हजार लिटर. घाईत एक शून्य गळाले आणि २,००० क्युसेक असे वाचले गेले, तर ऐकणारा शेतकरी मोटार काढायला जाणारच नाही. उलट एक शून्य वाढले, तर काठावरच्या गावांत निष्कारण पळापळ होईल. 'क्युसेक'च्या जागी 'क्युमेक' वाचले गेले तरी घोटाळाच, कारण १ क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. वर्तमानपत्रातील चूक वाचक परत वाचून ताडू शकतो. रेडिओवरचा शब्द एकदाच कानांवर येतो आणि जातो. म्हणूनच बातमीची वाक्ये लहान ठेवतात, महत्त्वाचे आधी सांगतात आणि ठळक बातम्या शेवटी पुन्हा देतात. पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या देणारा सुधा नरवणे यांचा आवाज महाराष्ट्राला अनेक वर्षे परिचित होता. अशा निवेदकांचा स्पष्ट उच्चार हे केवळ आवाजाचे सौंदर्य नव्हते. आकडा चुकीचा ऐकला जाऊ नये, ही त्यामागची गरज होती.

उशीर दोन प्रकारचा

पडताळणीमुळे होणारा उशीर आपण समजू शकतो. पण दुसऱ्याही प्रकारचा उशीर असतो. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यांच्या निधनाची बातमी परदेशी नभोवाणीवरून काही तास आधी लोकांना कळली. आकाशवाणीवरून अधिकृत घोषणा झाली ती संध्याकाळी. त्याआधी आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ मध्ये, बातम्यांवर सरकारचे पूर्ण नियंत्रण होते. हा उशीर किंवा हे मौन लहरींमुळे नव्हते, तसेच पडताळणीमुळेही नव्हते.

यातून एक विचार पुढे आला. सर्वांच्या पैशातून चालणारी नभोवाणी सरकारच्या हातात असावी की स्वतंत्र असावी? आणीबाणीनंतर नेमलेल्या वर्गीज समितीने १९७८ मध्ये स्वायत्त संस्थेची शिफारस केली. प्रसार भारती कायदा १९९० साली मंजूर झाला आणि १९९७ साली तो अमलात येऊन आकाशवाणी व दूरदर्शन या संस्थेखाली आले. मधल्या काळात, १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटले की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वर आपण मोजलेल्या त्या १२० जागा आठवा. जी वस्तू मोजकी आहे आणि जिची सर्वांना गरज आहे, ती कोणा एकाची असू शकत नाही, हा त्यामागील विचार आहे. प्रसार भारतीला पैसा मुख्यतः सरकारकडूनच मिळतो. त्यामुळे स्वायत्तता कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हा वाद आजही संपलेला नाही.

अंतर कोणाला कळते?

आता आणखी एक घटना पाहू. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्राचे काम छत्रपती संभाजीनगरच्या केंद्राकडे सोपवण्याचा निर्णय प्रसार भारतीने घेतला. त्याला सर्व थरांतून विरोध झाला आणि केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली.

केवळ भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहिले, तर या बदलाने काहीही बिघडत नाही. छत्रपती संभाजीनगरहून वाचलेली बातमी पुण्याच्याच मनोऱ्यावरून बारामती-इंदापूरला ऐकू येईल आणि वेळेत पडणारा फरक कानाला जाणवणारही नाही. मग विरोध कशासाठी? कारण बातमीचा दुसरा प्रवास, म्हणजे घटनेपासून वृत्त विभागापर्यंतचा, लहरीने होत नाही. तो माणसांनी होतो. वीर धरण कोठे आहे, खडकवासल्याचे पाणी किती तासांत दौंडला येते, कोणत्या कार्यालयात कोणाला विचारायचे, हे ठाऊक असणारा माणूस जवळ लागतो. लहरीला अंतर कळत नाही; बातमीला कळते. पुण्याच्याही दृष्टीने बारामती आणि इंदापूर ही दूरचीच गावे आहेत. आकाशवाणीचे अर्धवेळ वार्ताहर साधारणपणे जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तालुक्याची बातमी तेथवर पोचली तरच ती मनोऱ्यापर्यंत जाते. आणि जवळची सामुदायिक वाहिनी, जिला गावाची खडान्खडा माहिती आहे, तिला बातमी देण्याची मुभा नाही. मनोरा आहे तेथे वार्ताहर दूर आणि माणसे आहेत तेथे परवानगी नाही, अशी ही अडचण आहे.

यावर उपाय काय? एक जुना प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने पुणे जिल्ह्यासह पाच मराठी भाषक जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे रेडिओ श्रोता गट स्थापन झाले. पुणे केंद्राने त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन याप्रमाणे २० कार्यक्रम दिले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न व अनुभव केंद्राकडे लिहून पाठवत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. गटांतील शेतकऱ्यांच्या माहितीत स्पष्ट वाढ झाल्याचे तिला आढळले आणि १९५९ पासून अशी योजना देशभर सुरू झाली. त्या प्रयोगाचे मर्म हे की, रेडिओ एरवी एकाच दिशेने बोलतो. पोस्टकार्डाने त्याला कान दिले. आज पोस्टकार्डाऐवजी प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. साधन सोपे झाले आहे. पलीकडे ऐकणारा वार्ताहर मात्र अजूनही हवाच.

करून पाहा

हे प्रयोग तुम्ही शाळेत किंवा घरी करू शकाल. मध्यम लहरी पकडणारा कोणताही ट्रान्झिस्टर पुरे.

१. दिशा शोधा. रेडिओ ७९२ वर लावा आणि सपाट ठेवून सावकाश गोल फिरवा. एका स्थितीत आवाज सर्वांत क्षीण होईल. रेडिओच्या आत आडवी बसवलेली फेराईटची कांडी त्या वेळी पुण्याच्या दिशेने रोखलेली असते. बारामती किंवा इंदापुरात ही दिशा पश्चिमेकडे, किंचित उत्तरेला झुकलेली येते का, ते होकायंत्राने तपासा.

२. दिवस आणि रात्र. दुपारी मध्यम लहरींच्या पट्ट्यावर किती केंद्रे लागतात, ते लिहा. रात्री ९ वाजता पुन्हा मोजा. दिवसा आयनांबराचा खालचा थर वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी शेकडो किलोमीटरवरून येऊ लागतात. तुमच्या यादीत रात्री कोणती दूरची केंद्रे वाढली?

३. घड्याळ आणि मोबाईल. एकच बातमीपत्र ट्रान्झिस्टरवर आणि आकाशवाणीच्या मोबाईल अ‍ॅपवर एकाच वेळी लावा. मोबाईल काही सेकंद मागे पडलेला दिसेल. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून, तुकडे पाडून, साठवून ते पुन्हा जोडण्यात हा वेळ जातो.

४. बातमी मोजा. आठवडाभर सकाळच्या प्रादेशिक बातम्या ऐका आणि प्रत्येक बातमीचे गाव वहीत लिहा. मुंबईच्या किती, पुणे शहराच्या किती, तुमच्या तालुक्याची एक तरी आली का? जी बातमी यायला हवी होती असे वाटते, ती चार लहान वाक्यांत लिहून काढा. आकडे दोन ठिकाणी विचारून खात्री करा, आणि मग शिक्षकांना दाखवून केंद्राकडे पाठवा.

पहिल्या तीन प्रयोगांची उत्तरे पुस्तकात सापडतील. चौथ्याचे उत्तर मात्र तुमच्या वहीतच मिळेल.